धागा : सकाळी जायला बस आहे, संध्याकाळी यायला नाही. अप-डाऊनवाल्यांनी कार सोडायची तर वेळापत्रक कसं हवं?

अपडाऊन_गुरुजी (रविवार, रात्री 9.10)

मंडळी, आधी कबुली देतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, यवतमाळला राहतो आणि 38 किमीवरच्या गावी रोज अप-डाऊन करतो. तालुक्याचं न् गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बसवाले सगळे ओळखीचे आहेत. कारमध्ये आम्ही चौघं असतो : तीन शिक्षक आणि बँकेतले एक साहेब. ऑक्टोबर 2021 च्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल 2022 पर्यंत चालला, त्या हिवाळ्यात मी ही सेकंडहँड कार घेतली. त्याआधी अकरा वर्षं बसनेच जायचो. संप मिटला, बस सुरू झाल्या, पण आम्ही काही परत बसमध्ये चढलो नाही.

मागच्या आठवड्यात क्लच प्लेट गेली म्हणून कार गॅरेजला होती. तीन दिवस बसने गेलो. यवतमाळहून 8.20 ची मिळाली, बसायला जागाही मिळाली. 9.15 ला फाट्यावर उतरलो. फाट्यापासून गाव आत 9 किमी. तालुक्याहून आमच्या गावाला जाणारी बस फाट्यावरून 9.10 ला निघून गेलेली. पाच मिनिटं! पुढची साडेबाराला. तीनही दिवस हेच. दोन्ही बस रस्त्यावर आहेत, दोन्हीत सीटा रिकाम्या आहेत आणि रोज एकमेकींना पाच मिनिटांनी चुकवतात.

लिफ्टची वाट पाहत उभा होतो म्हणून दुसऱ्या दिवशी आत वळणाऱ्या कार मोजल्या. पाऊण तासात चौदा. बहुतेक चेहरे ओळखीचे : तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, पशुवैद्यकीय दवाखान्यातले, हायस्कूलचे. निम्म्या कारमध्ये माणूस एकटाच. सगळे यवतमाळहून आलेले, सगळ्यांना दहाच्या आत पोचायचं, सगळे पाचला सुटणार. आणि गावातून निघणारी शेवटची बस सव्वाचारला.

खर्चाचंही सांगतो, कारण माझा समज चुकीचा निघाला. रोजचे 76 किमी, पेट्रोल 105 धरा, ॲव्हरेज 16. साधारण पाचशे रुपये. चौघांत सव्वाशे. बसचा टप्पा 6 किमीचा, म्हणजे सात टप्पे, एका बाजूचं तिकीट सत्तरच्या आसपास. जाऊन-येऊन एकशेचाळीस. मासिक पास काढला तर 20 दिवसांच्या पैशात 30 दिवस, तेव्हा कुठे बरोबरीला येतं. तेव्हा स्वस्त आहे म्हणून मी बसमध्ये बसणार नाही. पाच वाजून वीस मिनिटांनी गावातून बस निघणार याची खात्री असेल तर बसेन.

नवीन एसी बस वगैरे मागत नाही. आहेत त्याच बस कशा मांडल्या तर मी कार घरी ठेवेन? जाणकारांनी सांगावं.

वऱ्हाडी_ठेचा (रविवार, रात्री 9.32)

गुरुजी, मुख्यालयी, म्हंजे शाळेच्याच गावी, राह्यले असते तं धागाच काढा लागला नसता. :)

अपडाऊन_गुरुजी (रविवार, रात्री 9.40)

वाटच पाहत होतो. बायको यवतमाळला नोकरीला, पोरगी बारावीला. यापुढे त्यावर बोलणार नाही.

कापूस_कट्टा (रविवार, रात्री 10.05)

राजेहो, एक गोष्ट पह्यले ठरवा. गुरुजीची गाडी म्हंजे कार. ठेच्याची गाडी म्हंजे फटफटी. आन् आमची बुढी "गाडी आली का?" म्हणते तवा तिले यष्टी पाह्यजे राह्यते. या धाग्यात गाडी म्हणाल तं कोन्ती ते सांगत जा.

निवृत्त_वाहक (रविवार, रात्री 11.20)

बस म्हणतो मग.

गुरुजी, 9.10 ला तुमची बस का गेली ते सांगतो. 31 वर्षं वाहक होतो, शेवटची काही वर्षं वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत बसून ड्युट्याही लावल्या. तुमच्या जिल्ह्यातल्या नव्हे, पण गणित सगळीकडे तेच.

ती 9 ची फेरी करणारी बस रात्री तुमच्या गावी नसते. ती भलत्याच गावी मुक्कामी असते. पहाटे तिकडून दूधवाले, कोर्टकचेरीवाले, कॉलेजची पोरं घेऊन निघते आणि तालुक्याला येते. चालक-वाहक चूळ भरतात, आलुबोंडा खातात, एखादा खर्रा घोटून घेतो, आणि 9 ला तुमच्याकडे. तिथून साडेदहाला परत, पावणेअकराला तिसऱ्या गावी, दोनच्या आत ड्युटी संपली पाहिजे. तुमची फेरी वीस मिनिटं पुढे ढकला, तिसऱ्या गावची फेरी ढकलली जाते, त्या गावच्या सरपंचाचा फोन येतो. मण्यांची माळ आहे ती. एक मणी सरकवायचा तर दोरा सैल करावा लागतो, आणि दोरा सैल करणं म्हणजे जास्तीची बस किंवा जास्तीचा माणूस.

दुसरं. ही वेळापत्रकं खेड्यातल्या माणसाला सकाळी शहरात आणून संध्याकाळी घरी सोडायला बांधलेली आहेत. 1 जून 1948 ला पुणे-नगर पहिली बस धावली तेव्हापासूनचा हा साचा. शहरात राहून खेड्यात नोकरी करणारा माणूस तेव्हा हिशोबातच नव्हता. आता तुम्ही सगळे उलटे निघालात.

पण यात एक गंमत आहे, ती नोकरीत असताना माझ्याही लक्षात आली नव्हती. सकाळी आत येणारी बस खचाखच, आणि तीच बस परत खेड्याकडे जाते तेव्हा भारमान, म्हणजे भरलेल्या सीटा, काहीच नाही. माझ्या वे-बिलावर, म्हणजे वाहकाच्या तिकीट-हिशोबाच्या कागदावर, सकाळच्या बाहेर जाणाऱ्या फेऱ्या बघितल्या तर पाच-सात तिकिटं. तुमच्या चौदा कारमधली माणसं नेमकी त्या रिकाम्या बाजूची आहेत. सीट आधीच तयार आहे, डिझेल आधीच जळतंय.

संध्याकाळी मात्र तसं नाही. सव्वाचारला बाजार करून आलेली माणसं घेऊन बस गावात येते आणि रिकामी निघते. पाचला तुम्हाला न्यायला तिने थांबायचं तर ती पाऊण तास उभी. उभी बस आगाराला सहन होत नाही.

पांदण_ते_पुणे (सोमवार, सकाळी 8.15)

मूळ पुसदचा, सध्या पुण्यात, वाहतूक नियोजनातच काम करतो. काकांनी जे सांगितलं ते आमच्या वर्गात कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

गुरुजींच्या पाच मिनिटांवर एका देशाने मोठं काम केलंय. स्वित्झर्लंडने 1982 मध्ये रेल्वेचं वेळापत्रक असं मांडलं की गाडी दर तासाला त्याच मिनिटाला सुटते. सकाळी 8.10 ला असेल तर 9.10, 10.10, रात्रीपर्यंत. लोकांना वेळापत्रक पाठच होतं. आणि जंक्शनवर सगळ्या गाड्या थोड्या आधी येतात, लोक इकडून तिकडे बदलतात, मग सगळ्या थोड्याच वेळात सुटतात. डोंगरातल्या खेड्यांना जाणाऱ्या पिवळ्या पोस्टबसही याच मिनिटांना बांधलेल्या. गाडी किती जोरात पळते याला तिथे दुय्यम महत्त्व आहे, ठरल्या वेळी जंक्शनला पोचेल इतकी पळाली म्हणजे झालं.

शहरांची उदाहरणंही आहेत. दक्षिण कोरियातल्या सोलने 1 जुलै 2004 ला अख्खं बसजाळं एका दिवसात बदललं. मोठ्या रस्त्यांवरच्या निळ्या बस, गल्लीबोळातून लोकांना तिथवर आणणाऱ्या हिरव्या, उपनगरांच्या लाल, मधल्या भागात फिरणाऱ्या पिवळ्या. बस बदलली तरी तिकीट एकच प्रवास धरून. पहिले काही दिवस प्रचंड गोंधळ झाला, पण जाळं टिकलं. अमेरिकेतलं ह्यूस्टन तर मोटारींचंच शहर. तिथे ऑगस्ट 2015 मध्ये जवळपास तेवढ्याच चालवण्याच्या खर्चात बसमार्ग नव्याने आखले. त्या कामातला सल्लागार जॅरेट वॉकर एक प्रश्न आधी विचारतो : तुमच्या पैशातला किती भाग जास्तीत जास्त माणसं बसावीत म्हणून खर्च करायचा, आणि किती भाग कोणीही वाऱ्यावर राहू नये म्हणून? दोन्ही हवं म्हणता येतं, पण तोच रुपया दोनदा खर्चता येत नाही.

आपल्याकडे "गाव तिथे एसटी" हे दुसऱ्या प्रकारचं वचन आहे. मला ते मोडायचं नाही. पण दिवसातून दोनदा येणारी बस ही सोय म्हणायची की हजेरी, हे विचारायला हवं.

कापूस_कट्टा (सोमवार, सकाळी 9.02)

स्वित्झर्लंडात खर्रा भेटते काय भाऊ?

मजाक सोडा. आमच्याकडं मिनिटाची गाडी होती, फक्त ते मिनिट कोन्तंही राहे. शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर, 113 किमी, नॅरो गेज, 1994 पर्यंत वाफेचं इंजन. माह्या बापानं चालत्या शकुंतलेतून उतरून बोरं तोडली आन् पुन्हा चढला, असं तो सांगे. आता ते रूळबी गवतात गेले. तिच्यामांगं वर्ध्याहून ब्रॉडगेज येऊन राह्यली, कळंबपर्यंत 2024 मध्ये आलीबी.

मले बसमधी काय पाह्यजे ते सांगतो. पोतं ठेवाले जागा. तुमी लोकं लहान बस, मिनीबस म्हणता. मी भेंडीचे दोन कट्टे घेऊन मंगळवारच्या बाजाराले जातो. लहान बसमधी कंडक्टर मले खालीच ठेवते.

उपकेंद्रातली_ताई (सोमवार, दुपारी 2.48)

वाचत होते, लिहिणार नव्हते.

मी एएनएम, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातली नर्स आहे. गुरुजींचंच गाव, फाट्यापासून आत. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा मी स्कूटी विकायचा विचार केला होता. गुरुजींचा हिशोब माझ्या बाबतीत उलटा आहे, मला बस निम्म्याने स्वस्त पडते. तरी स्कूटी विकली नाही. का ते सांगते.

जानेवारीतली गोष्ट. साडेपाचला उपकेंद्राला कुलूप लावलं, गावातल्या एका दादांनी मोटरसायकलवर फाट्यावर सोडलं. सहाला अंधार पडला. आमच्या फाट्यावर शेड आहे, पण तिच्यात गुरं बसतात, आणि लाईटचा खांब आहे त्याला दिवा नाही. पानठेला सहाला बंद होतो. पानठेलेवाले काका रोज विचारतात, "थांबू का ताई?" आणि मी रोज म्हणते "नाही हो, येईल आता." ते गेले की मी मोबाइलचा टॉर्च रस्त्याकडे धरून उभी राहते, म्हणजे चालकाला माणूस दिसावा. दोनदा बस थांबली. तिसऱ्या दिवशी ती भरलेली होती म्हणून असेल किंवा मी दिसलेच नसेन, पुढे निघून गेली. पुढचा पाऊण तास मी मोजला नाही.

"हात दाखवा, गाडी थांबवा" चांगलंच आहे, पण हात दिसायला उजेड लागतो.

म्हणून माझी विनंती, कोणतीही आखणी करा, बस बदलायला फाट्यावर उतरायला लावू नका. बदलायचंच तर स्टँडवर. तिथे चहावाला असतो, चार बायका असतात, संडास असतो (कसाही असो).

अपडाऊन_गुरुजी (सोमवार, सायंकाळी 7.30)

ताई, मी तीन दिवस त्याच फाट्यावर उभा राहिलो आणि मोजत बसलो कार. हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

काळीपिवळी_4141 (सोमवार, रात्री 8.55)

आमचं काळीपिवळी जीपवाल्यायचं कोनी नाव काढत नाई. त्या फाट्यावर तुमाले कोन उचलते? आमीच न. पण आमी भरल्याबिगर हालत नाई हेबी खरं हाये. नऊ सीट भरल्या तवा डिझेल निंगते, वरचे दोन-तीन बसले तं पोट भरते. रिकामा निंगालो तं अंगावर पडते. लोक म्हंतात टाइमावर चाल. टाइमावर चालाचे पैसे कोन देते?

आन् आमाले टप्प्यावर माणूस उचलाचा परवानाच नाई. पूरी गाडी कोनी ठरवली तं चालते, मंधात मंधात उतरवत-चढवत गेलो तं दंड. सारेच तसं करते, सारे जाणते.

मले कोनी म्हटलं, बा, या 9 किमीवर दर तासाले चाल, रिकामा चालला तरी इतके पैसे, तं मी उद्यापासून चालतो.

पांदण_ते_पुणे (सोमवार, रात्री 10.40)

दादा, तुम्ही जे शेवटी म्हणालात त्याला जगभर किलोमीटरवर पैसे देणं म्हणतात, आणि टप्पा वाहतुकीचा परवाना हा त्यातला खरा अडथळा आहे. पण तो मुंबईत सुटायचा प्रश्न आहे. आत्ता डेपोच्या हातात जे आहे तेवढ्यावर लिहितो.

यवतमाळ ते तालुका 35 किमी, बसला 65 मिनिटं. गावांहून थेट यवतमाळला जाणाऱ्या फेऱ्या याच रस्त्यावरून यवतमाळ-तालुका बसच्या मागेपुढे धावतात. सकाळी सातच्या सुमारास तीन बस एकामागोमाग, मग पाऊण तास काहीच नाही. त्या थेट फेऱ्या तालुक्यालाच थांबवल्या तर एका फेरीमागे जाऊन-येऊन 70 किमी वाचतात. तालुक्याहून गावाची फेरी जाऊन-येऊन 30 किमी. म्हणजे एक थेट फेरी सोडली की गावाला दोन जास्तीच्या फेऱ्या देऊन 10 किमी उरतात. आमच्या धंद्यातली सगळी जादू एवढीच आहे.

मग मोठ्या रस्त्यावर दर अर्ध्या तासाला बस. जाऊन-येऊन-विसावा धरून अडीच तास, पाच बस लागतील. आणि गावाच्या बस तालुक्याच्या स्टँडवर तिला गाठतील. गुरुजी 8.20 ने निघाले तर 9.25 ला तालुक्याला, गावाची बस 9.30 ला, गावात 10.05.

अपडाऊन_गुरुजी (सोमवार, रात्री 10.52)

शाळा दहाची. पुन्हा पाच मिनिटं! :)

पांदण_ते_पुणे (सोमवार, रात्री 10.58)

मग 8.00 ला निघा. 9.05 तालुका, 9.10 ला गावाची बस, 9.45 ला शाळेत. वीस मिनिटं लवकर उठावं लागेल आणि फाट्यावरून सहा किमी पुढे जाऊन परत यावं लागेल, हे मान्य. पण ताईंचा मुद्दा बघता बदल स्टँडवरच हवा.

गावाची फेरी तासाला बसवायची इच्छा होती. 15 किमी, 35 ऐवजी 25 मिनिटं धरली तर जाऊन-येऊन 50, दहा मिनिटं विसावा, बरोबर तास. एका बसमध्ये दर तासाला फेरी!

निवृत्त_वाहक (मंगळवार, सकाळी 6.30)

25 मिनिटांत 15 किमी कागदावर होतं भाऊ. आतल्या 9 किमीत काळ्या मातीवर टाकलेलं डांबर आहे. पहिल्या पावसात रस्ता लाटांसारखा होतो. 35 धरा, आणि नाल्याला पूर आला की त्या दिवशी काहीच धरू नका. तास-तासाचं वेळापत्रक बांधाल तर सकाळी दहापर्यंत ते वीस मिनिटं मागे पडेल आणि दुपारी कुठल्याच बसला कुठलीच बस भेटणार नाही. मग लोक म्हणतील यापेक्षा जुनंच बरं होतं, आणि ते खरं असेल.

35 जायला, 10 गावात, 35 यायला, 10 स्टँडवर. दीड तास. सैल दोरा म्हणतात तो हा. एका बसमध्ये दर दीड तासाला फेरी निघते, आणि मोठ्या रस्त्यावर अर्ध्या तासाची बस असेल तर दीड तास त्यात बरोबर बसतो.

गावातून सकाळी पहिली 6.55. मग 8.25, 9.55, 11.25, 12.55, 2.25, 3.55, 5.25. बस रात्री तुमच्याच गावी मुक्कामी, दोन पाळ्यांचे चालक-वाहक.

कापूस_कट्टा (मंगळवार, सकाळी 7.45)

म्हंजे आमची थेट यवतमाळची बंद? माही माय 78 वर्षाची हाये. तिले 75 च्या वरच्यायले फुकट हाये म्हणून ती महिन्यातून एकदा दवाखान्यात जाते, बसमधीच बसून, थेट. आता तालुक्याले उतर, थैली घे, दुसऱ्या फलाटावर जा, तिथं धक्के खाय, पुन्हा चढ. सोलमधल्या बुढ्यायले जमत असन.

गुरुजीची कार सुटावी म्हणून माह्या मायची बस काढता का?

पांदण_ते_पुणे (मंगळवार, सकाळी 9.20)

याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या आईंचं नुकसान होणार. थेट दोन फेऱ्यांच्या जागी आठ फेऱ्या मिळतील, पण बदलाव्या लागतील. ह्यूस्टनमध्येही असंच झालं, काहींचा नेहमीचा थांबा गेला आणि ते सभांना येऊन ओरडले, त्यांचं ओरडणं चुकीचं नव्हतं.

उपकेंद्रातली_ताई (मंगळवार, सकाळी 9.41)

आजींची सकाळची एक थेट ठेवा की. सगळ्या फेऱ्या एका मापाच्या कशाला? दवाखान्याची ओपीडी सकाळची असते, म्हातारी माणसं सकाळीच जातात. 6.55 ची तालुक्याला न थांबता पुढे यवतमाळला जाऊ द्या, दुपारची एक थेट परत येऊ द्या. बाकीच्या तालुक्यापर्यंत.

निवृत्त_वाहक (मंगळवार, सकाळी 10.15)

जमेल. 6.55 ची थेट केली तर 7.40 च्या फेरीला दुसरी बस लागते, ती रात्री डेपोत उभी असतेच. ताई, तुम्ही नियंत्रकाच्या खोलीत शोभला असता.

पोट्टी_यवतमाळची (मंगळवार, दुपारी 1.30)

मी बीएस्सी सेकंड इयर. माझी बहीण दहावीला आहे, तिला मानव विकास योजनेची, शाळेतल्या मुलींसाठीची निळी बस आहे, घरापासून शाळेपर्यंत, फुकट. बारावी झाली की ती बंद. मग मी सवलतीच्या पासवर. कॉलेज 8 चं, प्रॅक्टिकल दुपारी 3 ला संपतं. 3 ते 5 स्टँडवर बसून असते. त्या दोन तासांत मी अर्धा अभ्यासक्रम वाचलाय, हे खरं, पण घरी आई मोटरसायकलसाठी बाबांच्या मागे लागली आहे, "पोरीला स्टँडवर बसवू नका" म्हणून.

मोटरसायकल माझ्यासाठी नाही. मला सोडायला भावासाठी. म्हणजे त्याचेही दोन तास गेले.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, दुपारी 1.52)

एक गोष्ट कोनी बोलत नाई. गुरुजी उतरतील बसमधून. पण तलाठी? तलाठीसाहेब कारमधून उतरले म्हंजे साहेब. बसमधून उतरले तं सातबाऱ्यासाठी थांबलेले पंधरा जण स्टँडावरच घेरतील. तेव्हा चौदापैकी पाच-सहा कार सुटतील. चौदा सुटणार नाई.

अपडाऊन_गुरुजी (मंगळवार, रात्री 9.00)

पाच-सहा सुटल्या तरी खूप. मला खरी भीती वेगळीच आहे. मार्चमध्ये उन्हाळा लागला की शाळा सकाळची होते, सातची. मग मे-जून सुट्टी, विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी. हे सगळं वेळापत्रक माझ्यासाठी जेमतेम आठ महिन्यांचं. मार्चमध्ये कार पुन्हा काढावी लागेल, आणि एकदा काढली की काढली, हे 2022 ला अनुभवलंय.

तरी काल आमच्या कारमध्ये यावर बोललो. बँकेतले साहेब म्हणाले, लेखी द्या, मी सही करतो. हायस्कूलचे सहा जण म्हणाले पास काढतो, पण पास आधी आणि फेरी मागाहून असं होणार नसेल तर. डेपोत विचारलं (नाव लिहीत नाही), तिथले साहेब भले माणूस आहेत. म्हणाले, 5.25 च्या फेरीला किती माणसं नक्की आहेत ते लिहून आणा, रोजची वीस असतील तर महिनाभर चालवून बघतो. थेट फेऱ्यांचं त्यांच्या हातात नाही, ते वर जातं.

सध्या यादीत सतरा आहेत. सोमवारी घेऊन जातो. काका, वेळा तुम्ही एकदा पक्क्या लिहून द्या.

काळीपिवळी_4141 (मंगळवार, रात्री 9.25)

अठरावा मी लिहा. बायको अंगणवाडीत हाये, तिले बस पाह्यजे. माह्या गाडीत ती बसत नाई, म्हंते तू भरल्याबिगर निंगत नाई.

निवृत्त_वाहक (बुधवार, सकाळी 6.10)

घ्या. तालुक्याहून गावाला : 7.40, 9.10, 10.40, 12.10, 1.40, 3.10, 4.40 आणि मुक्कामी 6.10. गावातून : 6.55 (थेट यवतमाळ), 8.25, 9.55, 11.25, 12.55, 2.25, 3.55, 5.25. दुपारची थेट परती मी 1.40 ला जोडली, पेन्सिलने, ते वरून मंजूर झालं तर. कट्टेवाल्या भाऊंसाठी मंगळवारी मोठीच बस, मिनी नाही. पोट्टी, तुला 3 ला सुटून मोठ्या रस्त्याची 3.30 ची मिळाली तर 4.40 ची गावाची बस स्टँडवर लागलेली सापडेल.

उपकेंद्रातली_ताई (बुधवार, सकाळी 7.02)

काका, 5.25 ची 5.35 होईल का? साडेपाचच्या आत कुलूप लावता येत नाही, आणि उपकेंद्रापासून बस उभी राहते त्या पारापर्यंत चालत चार मिनिटं लागतात. एकोणिसावी आणि विसावी मी आणि आमची आशाताई.

निवृत्त_वाहक (बुधवार, सकाळी 7.10)

4.40 ची 5.15 ला गावात येते, वीस मिनिटं उभी राहील. तालुक्याला 6.10, मग मुक्कामी 6.20 ला. मुक्कामीला घाई नसते. 5.35 लिहिलं.